रोटाव्हेटरच्या फ्लँजमध्ये तुटून अडकलेला बोल्ट कसा काढावा

उसाचे खोडवे मोडताना किंवा पऱ्हाटीच्या रानात रोटाव्हेटर चालू असताना रोटरचा, म्हणजे पाती लावलेल्या फिरत्या पाइपचा, बोल्ट तुटतो. डोके मातीत हरवते आणि दांडा फ्लँजच्या, म्हणजे रोटर जोडायच्या जाड चकतीच्या, आट्यांत घट्ट बसून राहतो. पात्याचा बोल्ट तुटला तर फारसे काही बिघडत नाही. त्याला मागून नट असतो, ग्राइंडरने कापला की मोकळा. खरी अडचण होते ती रोटर दोन्ही टोकांना जिथे फ्लँजने जोडलेला असतो तिथे. कित्येक रोटाव्हेटरमध्ये या फ्लँजला मागे नट नसतो, तिच्या जाडीतच आटे पाडलेले असतात. इथे घाई केली तर बोल्ट राहतो बाजूला आणि नुकसान फ्लँजचे होते. ड्रिल तिरके जाते, आटे खाल्ले जातात, नाहीतर इझी-आउट (तुकड्याला भोक पाडून त्यात रुतवायचा आणि उलटा फिरवायचा कडक दांडा) आतच मोडतो. मग वीस रुपयांच्या बोल्टपायी फ्लँज काढून लेथवर न्यावी लागते.

खाली दिले आहे ते एम १२, एम १४ आणि एम १६, म्हणजे १२, १४ आणि १६ मिमी जाडीच्या बोल्टसाठी. तुमचे माप कोणते हे अंदाजाने ठरवू नका. त्याच फ्लँजमधला एक शाबूत बोल्ट काढा, व्हर्नियरने दांड्याची जाडी मोजा आणि आट्यांचा पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचे अंतरही मोजा. एम १४ मध्ये २ मिमी पिचचा जाड आटा मिळतो तसा दीड मिमीचा बारीक आटाही मिळतो, आणि दोन्ही बोल्ट वरून सारखेच दिसतात. पिचगेज नसेल तर स्केल लावून दहा आटे मोजा: २० मिमी भरले तर २ चा पिच, १५ भरले तर दीडचा. त्याच बोल्टवरून आटा सुलटा, म्हणजे घड्याळाच्या दिशेने आवळणारा आहे ना, हेही कळते.

आधी तुटलेले तोंड बघा

ही पायरी बहुतेक जण सोडून देतात, आणि पुढचे सगळे काम तर तिच्यावरच अवलंबून असते. तुटलेल्या जागेवरची माती आणि ग्रीस पेट्रोलच्या फडक्याने पुसा आणि बॅटरीचा उजेड तिरका पाडून बघा.

तोंडाचा मोठा भाग गुळगुळीत असेल, त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक वाकड्या रेषा असतील, आणि एका कडेचा उरलेला थोडासा भाग खरखरीत दाणेदार असेल, तर तो बोल्ट एका झटक्यात तुटलेला नाही. तो आधी ढिला झाला, फ्लँज हलायला लागली, आणि प्रत्येक फेऱ्याला थोडा थोडा चिरत गेला. दोन फ्लँजच्या मध्ये तपकिरी लालसर भुकटी दिसली की ही खूण पक्की समजा. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले की लोखंडाची अशी भुकटी पडते. असा तुकडा आट्यांत सहसा जाम नसतो. डोके गेल्यामुळे त्याच्यावर ताणही उरलेला नसतो. कित्येकदा पंचाच्या टोकाने टोचत गेले की तो फिरतो.

तोंड पिळल्यासारखे, गोल गोल ओढलेले दिसत असेल, तर तो बोल्ट पाना लावताना तुटला आहे: आवळताना जास्त जोर लागला, किंवा गंजलेला होता आणि सोडवताना पिळून गेला. सोडवताना तुटलेला तुकडा सगळ्यात चिवट. ज्या गंजामुळे पूर्ण डोक्याचा बोल्ट फिरला नाही, तो गंज अजून आतच आहे. अशा तुकड्यावर इझी-आउट लावणे म्हणजे १४ मिमीच्या दांड्याने जे झाले नाही ते ७ मिमीच्या दांड्याकडून करून घ्यायला जाणे. तो मोडणारच.

कामाआधी

रोटाव्हेटर ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर उचलून त्याखाली हात घालायचा नाही. लिव्हर खाली आली, पाइप फुटला, इंजिन बंद असताना तेल हळूहळू उतरले, काहीही झाले तरी अवजार खाली येते. दोन्ही बाजूंना लाकडी ओंडके किंवा लोखंडी घोडे लावा, त्यावर अवजार टेकवा, इंजिन बंद करून किल्ली खिशात ठेवा आणि पीटीओ शाफ्ट काढून बाजूला ठेवा. वेल्डिंग करायची असेल तर ट्रॅक्टर सोडवून लांब नेलेला बरा. तो जोडलेलाच ठेवावा लागला तर बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा.

उरलेले बोल्ट काढताना रोटरच्या पाइपखालीही ठोकळा द्या. नाहीतर शेवटचा बोल्ट निघताच रोटर तिरका होऊन आटे ओरबाडतो. पाती धारदार असतात, म्हणून रोटर दोघांनी मिळून खाली घ्यावा. रोटर बाजूला झाला की तुटलेला तुकडा उघड्यावर येतो. हळूहळू चिरत तुटलेला बोल्ट बहुधा दोन फ्लँज जिथे भेटतात तिथेच तुटलेला असतो, म्हणजे तोंड फ्लँजच्या पृष्ठभागाशी जवळजवळ सपाट असते.

आता फ्लँजच्या मागे हात घालून बघा. आट्यांचे भोक आरपार असेल तर अर्धे काम सोपे झाले. मागूनही तेल सोडता येते. तुकड्याचे शेपूट मागे बाहेर आले असेल आणि मागे जागा असेल, तर तो पुढच्या बाजूने आवळण्याच्याच दिशेने फिरवत मागे बाहेर काढता येतो. शेपटाचे उघडे आटे मात्र आधी तारेच्या ब्रशने घासून घ्या. गंज आणि वाळलेली माती घेऊन ते भोकात शिरले तर आत जाम होतात.

तेल आणि वेळ

तेल सोडून पाच मिनिटांत पाना लावला तर काही साधत नाही. आट्यांमधली फट केसाएवढी असते, तेल आत जायला वेळ लागतोच. संध्याकाळी सोडा, सकाळी काम करा. गंज सोडवायचे खास तेल मिळाले तर उत्तम. ते नसेल तर अॅसिटोन आणि पॉवर स्टिअरिंगमध्ये वापरतात ते एटीएफ तेल निम्मे निम्मे मिसळा. हे मिश्रण स्थिर राहत नाही, म्हणून दर वेळी बाटली हलवूनच सोडा, आणि ते पेट घेणारे आहे हे विसरू नका. काहीच हाताशी नसेल तर डिझेलही चालते, फक्त वेळ जास्त लागतो. तेल सोडल्यावर तुकड्याच्या तोंडावर जाड पंच ठेवून हातोडीचे पंधरा-वीस मध्यम ठोके द्या. गंजाचा थर तडकायला आणि तेल आत ओढले जायला या ठोक्यांची मदत होते. जोराचे घाव घालू नका, तोंड पसरले तर तुकडा आणखी घट्ट होतो.

हलका उपाय आधी

तुकडा ५-६ मिमी जरी बाहेर असला तरी त्याच्या दोन बाजू कानशीने सपाट करा आणि ग्रिप प्लायर करकचून लावा. पहिला जोर उलटा द्या, म्हणजे थोडा आवळण्याच्या दिशेने. गंज तुटल्याचा बारीक ‘टक’ आवाज येतो किंवा हाताला जाणवतो. मग सोडवण्याच्या दिशेने. पुढे-मागे, पुढे-मागे, दर वेळी थोडे जास्त. एकाच दिशेने ताकद लावत राहिले की उरलेला दांडाही तुटतो.

तुकडा सपाट असेल आणि वर सांगितल्याप्रमाणे हळूहळू चिरत तुटलेला असेल, तर धारदार पंच तोंडाच्या कडेजवळ, साधारण २ मिमी आत, तिरका धरा आणि हलक्या हातोडीने घड्याळाच्या उलट्या दिशेने टोचा. एकाच जागी चार-पाच ठोके बसूनही हलला नाही तर समोरच्या कडेला नवी जागा घ्या. हलायला लागला की पुढे बोटाने फिरतो. दहा मिनिटे करून बघा. तोवर हलला नाही तर कडा चेचत बसू नका, पुढच्या उपायाकडे वळा.

नट वेल्ड करणे: पोलादी फ्लँजसाठी सगळ्यात भरवशाचा उपाय

हा उपाय दोन कारणांनी चालतो. धरायला नवे डोके मिळते हे झाले एक. त्याहून मोठे कारण म्हणजे उष्णता. बोल्ट लाल होतो तेव्हा त्याला फुगायचे असते, पण भोवतीचे भोक त्याला जागा देत नाही. तो तिथल्या तिथे दाबला जातो, आणि थंड झाल्यावर पहिल्यापेक्षा किंचित बारीक होतो. गंजाची पकड तिथेच सुटते.

तेल पुसून काढा, नाहीतर धूर होतो आणि वेल्डमध्ये भोके पडतात. तोंड छोट्या ग्राइंडरने किंवा कानशीने चकचकीत करा. बोल्टवर जस्ताचा पांढरा किंवा पिवळसर मुलामा असेल तर वेल्डिंगचा धूर छातीला बाधतो. काम उघड्यावर करा आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसा. भोवतीचे वाळके गवत, पाचट हलवा, पाण्याची बादली जवळ ठेवा.

अर्थिंगचा चिमटा त्याच फ्लँजला, बोल्टच्या शक्य तितका जवळ लावायचा. चिमटा रोटाव्हेटरच्या सांगाड्याला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो, गोळ्यांवर बारीक डाग पडतात आणि महिन्याभरात बेअरिंग आवाज करू लागते. फ्लँजमागे ऑइल सील असेल तर त्या जागी ओले फडके गुंडाळा. साध्या काळ्या रबराचे सील १०० अंशांच्या थोडे वर गेले की कडक व्हायला लागते. सील जुने झाले असेल तर ते या कामात बदलूनच टाकावे.

एम १४ बोल्टसाठी १०-११ मिमी भोकाचा जाड सपाट वायसर घ्या. तो तुकड्यावर बरोबर मध्ये ठेवा आणि भोकातून वायसर व बोल्ट एकमेकांना वेल्ड करा. वायसरमुळे फ्लँजच्या आट्यांवर ठिणग्या पडत नाहीत. त्यावर एम १६ चा नट ठेवून आतून भरा. अडीच मिमीचा, म्हणजे १२ गेजचा रॉड ८० ते ९० अँपियरवर चालवा. साधा ६०१३ रॉड पुरतो. बोल्ट १०.९ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे ताकदीचा आकडा) असेल तर सुकवलेला ७०१८ रॉड जास्त धरतो. मध्यभागी आर्क धरून ठेवायचा, कडेने नाही. पहिला वेल्ड पातळ बसला तर नट हातात येतो, त्याने निराश होऊ नका. स्लॅग (वेल्डवर जमलेली कडक खपली) फोडा, ब्रश मारा, पुन्हा करा. प्रत्येक वेळी बोल्टला आणखी एकदा ताव मिळतो, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी तो बहुधा सुटतो.

तुकडा ३-४ मिमी आत असेल तर वायसरआधी रॉडने मधोमध थेंब थेंब भरत तो पृष्ठभागापर्यंत आणा. दर थेंबानंतर स्लॅग काढावाच लागतो. भोकाच्या कडेने तांब्याच्या नळीचा पातळ तुकडा बसवला तर आटे सुरक्षित राहतात, कारण लोखंडाचा वेल्ड तांब्याला सहसा धरत नाही.

वेल्ड झाल्यावर पाणी ओतू नका. या बोल्टचे पोलाद लाल असताना पाण्यात विझले की काचेसारखे ठिसूळ होते आणि वेल्डच्या कडेलाच तुटते. लाली जाऊ द्या. मग मेणबत्तीचे टोक नटाच्या बुडाशी, बोल्ट आणि फ्लँज यांच्या सांध्यावर टेकवा. मेण वितळते, क्षणभर कडेला चमकते आणि आत शोषले जाते. चमक आत गेली म्हणजे फटीत वाट झाली. दोन-तीनदा मेण लावा. पाच-सात मिनिटांनी हात जवळ नेता येईल इतपत थंड झाला की रिंग पाना लावा आणि पुन्हा तेच: आधी किंचित आवळा, मग सोडवा, आठव्या हिश्श्याच्या फेऱ्याने पुढे-मागे. करकर आवाज करत फिरायला लागला की मध्येच तेल द्या.

फ्लँज बिडाची असेल तर एवढा ताव देताना सांभाळा. एकाच जागी जास्त तापून बीड तडकू शकते. ड्रिलचा कीस काळ्या भुकटीसारखा पडतो ते बीड, आणि वळ्या पडतात ते पोलाद.

ड्रिलने काढायचा झाला तर

वेल्डिंगची सोय नसेल किंवा तीन-चार प्रयत्नांत नट सुटून येत असेल, तेव्हाच ड्रिल. इथे सगळे काम पहिल्या भोकावर ठरते. ते मधोमध आणि सरळ गेले तर बोल्टची साल तेवढी उरते. दोन मिमी जरी सरकले तर ड्रिल एका बाजूचे आटे खाते. तुटलेले तोंड उंचसखल असते, बोल्टचे पोलाद फ्लँजपेक्षा कडक असते, म्हणून ड्रिल मऊ बाजूला घसरते. डोळ्याच्या अंदाजावर हे काम सोपवू नये.

त्यासाठी मार्गदर्शक पट्टी करा. फ्लँजवरची भोके सारख्या अंतरावर असतात. तुटलेला सोडून शेजारशेजारच्या तीन शाबूत भोकांवर जाड कागद ताणून धरा आणि ग्रीस लागलेले बोट कागदावरून फिरवा. भोकांच्या कडा स्वच्छ गोल उमटतात. हा छाप १० किंवा १२ मिमी जाडीच्या पट्टीवर चिकटवा, तीन मध्यबिंदू पंच करा, कडेची दोन भोके बोल्टच्या मापाची आणि मधले ४ मिमीचे, उभ्या ड्रिल मशीनवर पाडून घ्या. पट्टी तुटलेल्या बोल्टच्या दोन्ही शेजाऱ्यांना बोल्टने आवळली की मधले भोक बरोबर तुकड्याच्या केंद्रावर येते, आणि पट्टीच्या जाडीमुळे ड्रिल सरळही राहते. तासाभराचे काम आहे, पण फ्लँज वाचते.

कोबाल्टचे ड्रिल घ्या. ४ मिमीला वेग मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आसपास, १० मिमीला ३०० ते ३५०. हातातले साधे मशीन पूर्ण दाबले तर याच्या तिप्पट पळते, म्हणून वेग कमी-जास्त होणारे मशीन हवे. वेग कमी, दाब जास्त, कटिंग ऑइल सतत. कीस लांब वळ्यांनी निघत असेल तर बरोबर चालले आहे. किंचाळल्यासारखा आवाज आणि पावडर निघत असेल तर थांबा, ड्रिलला धार लावा. तसेच रेटत राहिलात तर तोंड तापून इतके कडक होते की पुढे काहीच चालत नाही.

४ मिमीनंतर पट्टी काढा, मग ६, ८, १०. डावीकडे फिरणारी उलटी ड्रिल मिळाली तर तीच वापरा. कित्येकदा ८ मिमीवर ड्रिल पकडते आणि तुकडा स्वतःच फिरत बाहेर येतो. शेवटचे माप टॅपच्या (आटे पाडायच्या हत्याराच्या) भोकापेक्षा थोडे लहान ठेवा. टॅपची भोके अशी: एम १२ च्या पावणेदोन पिचला १०.२ मिमी, एम १४ च्या २ पिचला १२, एम १४ च्या दीड पिचला १२.५, एम १६ च्या २ पिचला १४. उरलेली सालीची गुंडाळी बारीक छिन्नीने आत दुमडली की सुट्या तारेसारखी ओढून निघते.

इझी-आउट वापरायचाच असेल तर तुकडा तेलाने आणि तावाने आधी थोडा हललेला असावा, आणि भोक बोल्टच्या निम्म्याहून थोडे मोठे असावे, एम १४ ला ७-८ मिमी. लहान इझी-आउट मोडतो. पिळाचा मोठा इझी-आउट पातळ सालीला आतून फुगवून आट्यांत दाबतो. आत मोडलाच तर त्याच्यावर साधे ड्रिल चालत नाही. फ्लँज काढून एमआयडीसीत स्पार्क मशीन (विजेच्या ठिणग्यांनी कडक धातू खाणारे यंत्र) असलेल्याकडे न्यावी लागते.

आटे साफ करणे

बोल्ट निघाल्यावर भोकात तेल सोडून योग्य पिचचा टॅप हाताने चालवा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, अडला तर बाहेर काढून कीस झटकायचा. दोन-तीन आटे खराब असतील तर चिंता नाही. मात्र जे चांगले आटे उरले, त्यांची एकूण खोली किमान बोल्टच्या जाडीएवढी भरली पाहिजे. त्याहून कमी असेल तर हेलिकॉइल, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे, बसवून घ्या. मागे जागा असल्यास भोक आरपार करून लांब बोल्ट आणि नट लावा, ते जास्त टिकते. भोक वेल्डने भरून हातानेच पुन्हा पाडणे टाळा. ते बरोबर जागेवर येत नाही आणि उरलेल्या बोल्टांवर तिरका भार येतो.

परत बसवताना

एक बोल्ट तुटला असेल तर त्या फ्लँजचे सगळेच बदला. बाकीच्यांनीही तेच हादरे खाल्लेले असतात, आत सुरू झालेली चीर बाहेरून दिसत नाही. ग्रेड मूळचाच घ्या, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेले असते. त्याहून वरचा ग्रेड घालून उपयोग नाही. ढिला राहिला तर १०.९ देखील तुटतो.

कारण फ्लँजचा भार खरे तर बोल्टच्या दांड्यावर यायचाच नसतो. बोल्टने दोन फ्लँज इतक्या दाबून धरायच्या की त्यांच्या घर्षणावर रोटर फिरावा. म्हणून दोन्ही तोंडांवरचा रंग, गंज आणि माती पूर्ण काढा. रंगाचा थर राहिला तर तो चार दिवसांत चेपतो आणि घट्ट आवळलेला बोल्ट कोणी हात न लावता ढिला होतो. रोटरच्या फ्लँजची भोके लांबट झाली असतील तर ती भरून लेथवाल्याकडून पुन्हा पाडून घ्या, तोवर नवे बोल्ट टिकणार नाहीत.

भोक आरपार नसेल तर तारेने खोली मोजा. जास्त लांबीचा बोल्ट तळाला टेकतो, पाना घट्ट लागतो, पण फ्लँज दाबलीच जात नाही. नवा बोल्ट वारंवार तुटत असेल तर हे आधी तपासा.

आवळण्याचे माप पुस्तिकेत दिले असेल तेच धरा. दिले नसेल तर ८.८ ग्रेडला साधारण एम १२ साठी ८५, एम १४ साठी १३५ आणि एम १६ साठी २१० न्यूटन-मीटर. एम १४ जर १०.९ चा असेल तर १९५. टॉर्क पाना नसेल तर बोल्टच्या मध्यापासून ५० सेंमीवर पान्याला दोरी बांधा आणि ताणकाट्याने पान्याशी काटकोनात ओढा. १३५ साठी काटा साडेसत्तावीस किलो दाखवेल, १९५ साठी ४०. बोल्ट समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे.

स्प्रिंग वायसरवर विसंबू नका, एवढ्या हादऱ्यात तो फार धरत नाही. आटे थिनरने धुऊन कोरडे करा आणि लॉकटाइट २४३ सारखे मध्यम ताकदीचे निळे लॉकर लावा. ते रात्रभर सुकू द्या, आणि नंतर बोल्ट पुन्हा आवळू नका, आवळल्याने सुकलेली पकड तुटते. त्याऐवजी प्रत्येक डोक्यावरून फ्लँजपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट हलला आहे, तो काढून आटे साफ करून नव्याने बसवायचा. लॉकर लावला नसेल तर पहिल्या तासाभराच्या कामानंतर आणि मग पहिले तीन दिवस रोज संध्याकाळी, फ्लँज थंड झाल्यावर, सगळे बोल्ट पुन्हा त्याच मापाने तपासा.